जागा रिक्त ‘आहे’ की रिक्त ‘ठेवली आहे’?



नाशिकरोडला एका बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही कार्यकर्ते मिळून अभ्यासिका चालवतो. वीस-बावीस खुर्च्या, दोन पंखे, पुस्तकांचे एक जुने कपाट, भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीमाई. रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीचा तास असतो. मागच्या महिन्यात शब्दसंग्रह चालू होता आणि फळ्यावर ‘व्हेकंट’ हा शब्द आला. आम्ही सवयीने सांगून टाकले, “व्हेकंट म्हणजे रिकामे. एम्प्टीचाच भाऊ. पुढचा शब्द घ्या.”

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. ती म्हणाली, “सर, दोन्हींचा अर्थ एकच असेल तर पाण्याच्या बाटलीला कोणी व्हेकंट का म्हणत नाही? आणि पोस्टला एम्प्टी का म्हणत नाहीत?”

“तसा प्रघात आहे,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तिने ते वहीत उतरवूनही घेतले. पण रात्री आम्हाला झोप लागेना. कारण या एका शब्दाने आमच्या आयुष्याची पंधरा वर्षे खाल्ली आहेत आणि तो काय म्हणतो हे आम्ही कधी धड वाचलेच नव्हते. त्या मुलीला तेव्हा जे उत्तर द्यायला हवे होते, ते आता इथे लिहीत आहोत.

बाटली एम्प्टी असते म्हणजे तिच्यात काही नसते. तिथे विषय संपतो. पण खोली व्हेकंट असते, खुर्ची व्हेकंट असते, पद व्हेकंट असते, तेव्हा ती जागा कोणासाठी तरी असते आणि तो माणूस तिथे नसतो. म्हणजे व्हेकंट या शब्दाच्या मागे नेहमी एक माणूस उभा असतो, जो त्या जागेवर असायला हवा होता. एम्प्टी वस्तूचे वर्णन करतो. व्हेकंट एका गैरहजर माणसाची नोंद करतो, पण त्याचे नाव सांगत नाही आणि तो का गैरहजर आहे हेही सांगत नाही.

या शब्दाचे गोत्र लॅटिनमध्ये आहे. व्हेकन्सी म्हणजे रिक्त जागा, व्हेकेट करणे म्हणजे जागा खाली करणे, व्हेकेशन म्हणजे सुट्टी, व्हॅक्यूम म्हणजे पोकळी. सगळी एकाच मुळाची पोरे. पण घरात सगळ्या भावांच्या वाट्याला सारखे येत नाही, तसेच इथेही झाले. काहींच्या वाट्याला व्हेकेशन आले. आमच्या वस्त्यांच्या वाट्याला व्हेकेट करण्याच्या नोटिसा आल्या.

आणि आपल्या मराठीचे काय? सरकारी कागदावर जागा ‘रिक्त’ असते आणि गावच्या पारावर पदवी घेतलेला पोरगा ‘रिकामा’ असतो. दोन्ही शब्द एकाच घराण्यातले. एक आदराने जाहिरातीत छापला जातो, दुसरा शिवीसारखा तोंडावर मारला जातो. रिक्त जागा आणि रिकामा पोरगा एकाच जिल्ह्यात, कधी कधी एकाच रस्त्यावर, वर्षानुवर्षे समोरासमोर बसलेले असतात. त्यांची भेट कोण होऊ देत नाही, हा खरा प्रश्न आहे.

पहिले उदाहरण घराचे घेऊ. ते सर्वांच्या ओळखीचे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही नाशिक शहरात भाड्याने खोली शोधत होतो. फाटकावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. फोन केला तर समोरून आवाज आला, “हो हो, व्हेकंटच आहे, आजच या बघायला.” आम्ही गेलो. खोली आवडली. पाणी कधी येते, गाडी कुठे लावायची, सगळे बोलणे झाले. मग सहज विचारल्यासारखा प्रश्न आला, “आडनाव काय म्हणालात?” आम्ही सांगितले. मालकांनी जरा आत जाऊन पत्नीशी बोलून घेतले आणि बाहेर येऊन म्हणाले, “अहो, माझ्या लक्षातच राहिले नाही, आमच्या मेहुण्याचा मुलगा यायचा आहे.” महिन्याभराने त्याच रस्त्याने गेलो तेव्हा पाटी जागेवरच होती. मेहुण्याचा मुलगा काही आला नव्हता. खोली व्हेकंटच होती, फक्त आमच्यासाठी नव्हती.

हे आमचेच दुःख आहे असे नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ही हकीकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितली आहे. त्या धर्मशाळेत दुसरा एकही प्रवासी नव्हता. वरच्या मजल्यावर ते एकटे आणि सोबतीला मोडके-तोडके सामान. म्हणजे पूर्ण इमारत व्हेकंट होती. तरीही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्या रिकाम्या इमारतीतल्या एकमेव माणसाला बाहेर काढले. जागा कमी पडत होती म्हणून त्यांना काढले नाही. इमारत रिकामी राहिली तरी चालेल, पण हा माणूस नको, असा तो हिशोब होता.

हा हिशोब नीट लक्षात घ्या. जातिव्यवस्थेला रिकाम्या जागेची भीती वाटत नाही. तिला भीती वाटते ती त्या जागेवर बसू शकणाऱ्या माणसाची.

आता नोकरीकडे येऊ. एका अनुदानित शिक्षणसंस्थेत शिक्षकाची एक जागा होती. अनुसूचित जातीसाठी राखीव. आम्ही पदवीधर, बी.एड. झालेले. अर्ज केला, मुलाखतीला गेलो. पाच जण समोर बसले होते. विषयावर एकच प्रश्न विचारला, बाकीचा वेळ गाव कोणते, वडील काय करतात, यात गेला. काही आठवड्यांनी कळले की योग्य उमेदवार मिळाला नाही. दोन वर्षांनी तीच जागा पुन्हा जाहिरातीत आली. पुन्हा गेलो. पुन्हा योग्य उमेदवार मिळाला नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शिपाईकाकांनीच आम्हाला ओळखले आणि न मागता पाणी आणून दिले.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या मधल्या सगळ्या काळात त्या विषयाचे तास तिथे कोण घेत होते? आम्हीच. तासिका तत्त्वावर. त्याच वर्गात, त्याच मुलांना, त्याच पुस्तकातून. दहावीचा निकाल लागला की मुले पेढे आणून द्यायची. तासाच्या हिशोबाने मानधन मिळायचे, तेही वर्षातून दोनदा, आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की तेही बंद. कायम शिक्षकांना व्हेकेशन होते, आम्हाला व्हेकन्सी होती. शिकवायला आम्ही योग्य होतो, नेमायला योग्य नव्हतो. पद व्हेकंट होते, पण काम एक दिवससुद्धा व्हेकंट नव्हते.

तेव्हा हे आम्हाला नीट दिसले नाही. आम्हाला वाटायचे, आपणच कुठेतरी कमी पडतोय. अजून एक पदवी घ्यावी, इंग्रजी सुधारावे, शर्ट जरा बरा घालावा. वयाची मर्यादा ओलांडली त्या दिवशी घरी कोणाला काही सांगितले नाही. जागा कितीही वर्षे थांबू शकते, कारण जागेला वय नसते. माणसाला असते.

कोणी म्हणेल, एका माणसाच्या अनुभवावरून एवढे मोठे बोलू नका. ठीक आहे, कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के आणि सर्व मागास प्रवर्ग मिळून ५२ टक्के आरक्षण आहे. हे आकडे आपल्या पोरांना पाठ असतात. पण टक्केवारी कशाची काढायची, हे फार थोड्यांना माहीत असते. १९९५ साली आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘पद’ आणि ‘रिक्त जागा’ यांत फरक केला. टक्केवारी संवर्गातल्या एकूण पदांवर काढायची, त्या वर्षी रिकाम्या झालेल्या जागांवर नाही. ज्या बिंदूवर जो प्रवर्ग आहे, त्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला की त्याच प्रवर्गातला माणूस तिथे यायचा. यावरूनच पुढे १९९७ साली केंद्र सरकारने पदांवर आधारित बिंदुनामावली आणली.

याचा अर्थ काय? पद कायम असते. रिक्तता ही तात्पुरती अवस्था असते, म्हणजे असायला हवी. एक माणूस उठला आणि दुसरा बसायचा आहे, यामधला तो वेळ. पण आपल्याकडे ही मधली अवस्थाच कायम झाली आणि तिचे नाव पडले अनुशेष. अनुशेष वाढत गेला म्हणून २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती करून कलम १६ मध्ये (४ब) हा खंड घालावा लागला. न भरलेल्या राखीव जागा पुढच्या वर्षी स्वतंत्र गट म्हणून भरता येतील आणि त्यांना पन्नास टक्क्यांची मर्यादा आड येणार नाही, असे त्यात सांगितले. विचार करा, रिकाम्या जागा भरण्यासाठी देशाला राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागते. ही रिकामी जागा आपोआप रिकामी राहत असेल का?

इतके होऊनही डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यात राखीव पदे अपवादात्मक परिस्थितीत अनारक्षित करण्याची वाट दाखवली गेली. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ओरड झाली, तेव्हा शिक्षण मंत्रालयाने एकही पद अनारक्षित होणार नाही असा खुलासा केला. त्याआधी ६ सप्टेंबर २०२३ ला आपल्या राज्यात बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी कंपन्यांकडून, सरकारी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. दोन्हींची जात ओळखा. आधी जागा रिक्त ठेवायची. मग म्हणायचे, बघा, कोणी मिळतच नाही. मग ती जागा दुसऱ्याला द्यायची किंवा कंत्राटात विरघळवून टाकायची, म्हणजे बिंदूच शिल्लक राहत नाही. रिक्त ठेवणे ही या प्रक्रियेची पहिली पायरी आहे.

आणि एक प्रश्न विचारतो. हातात झाडू देण्यासाठी, गटारात उतरवण्यासाठी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असे आजवर कोणी ऐकले आहे का? तिथे आमची योग्यता पिढ्यान्‌पिढ्या कोणी तपासली नाही. योग्यतेचा शोध खुर्चीपाशी सुरू होतो.

मराठीत ‘खाली’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खाली म्हणजे वरच्याच्या उलट, तळाशी. आणि खाली म्हणजे रिकामे. आम्हाला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी जगावे लागले. समाजाच्या उतरंडीत आम्ही खाली, आणि वरच्या मजल्यावरची आमची जागा खाली.

हा शब्द जमिनीवर आला की आणखी धारदार होतो. जमिनीच्या बाबतीत आपल्याकडे त्याला पडीक म्हणतात, गायरान म्हणतात. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १९०२ साली जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांना हा शब्द बरोबर कळला होता. एकीकडे हजारो एकर जमीन पडीक आणि दुसरीकडे ती कसायला तयार असलेले हात रिकामे. दोघांची गाठ घालून द्या, एवढीच साधी मागणी घेऊन त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनापासून, देशभर लोक तुरुंग भरू लागले. आमची आजी सांगायची, बायका कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या होत्या. गावात जागा रिकामी राहते आणि तुरुंग भरतात, असा तो काळ होता.

आज काय चित्र आहे? २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या. ज्यांनी दगड-गोटे वेचून माळ कसला, ज्यांची दोन पिढ्यांची घरे तिथे उभी आहेत, त्यांच्या हातात कागद पडला: जागा खाली करा. पडीक होती तेव्हा ती जमीन कोणाच्या डोळ्यांत आली नाही. आमच्या माणसाने हिरवी केली की ती सरकारी झाली. आणि आमच्याच शहरात तपोवनात साधुग्रामासाठी जमीन राखून ठेवतात, बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थासाठी. नगररचनेच्या भाषेत त्यालाही आरक्षणच म्हणतात बरे! त्या आरक्षणाने गुणवत्ता बुडाली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या कानावर आलेले नाही.

कोणी म्हणेल, ही आजच्या काळाची अडचण आहे, सरकारला सगळ्याच गोष्टी कुठे जमतात? तर मग जरा आमच्या नाशिकच्या डोंगरावर चला. ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, ती त्रिरश्मी बुद्ध लेणी. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. ती भिक्खूंसाठी कोरली गेली. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यकाळाच्या चोविसाव्या वर्षाचा एक लेख आहे. राजा आणि राजमाता यांच्या नावाने गोवर्धनच्या अमात्याला दिलेली ती आज्ञा आहे. तिचा आशय असा: भिक्खूंना आम्ही आधी कखडी गावातले एक शेत दान दिले होते, पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तने जमीन त्यांना देत आहोत.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. राजाने दान दिले होते, त्याची नोंद झालेली होती. तो म्हणू शकला असता, आम्ही तर दिले, आता कसणारा मिळत नाही त्याला आम्ही काय करणार? पण त्याने मान्य केले की ओसाड गावातले न कसलेले शेत देणे म्हणजे देणेच नव्हे. कागदावरचे दान प्रत्यक्षात रिकामे निघाले, म्हणून त्याने दुसरी, गावालगतची जमीन दिली आणि हे सगळे दगडात कोरून ठेवले. राजेशाहीचे गोडवे गायला आम्ही हे सांगत नाही. पण ज्या व्यवस्थेला राज्यघटनेने बांधून ठेवले आहे, तिच्याकडून त्या शिलालेखाइतका प्रामाणिकपणा मागायचा नाही का? तेरा टक्के दिले, असे म्हणून भागत नाही. ते गाव वसले आहे का, ते शेत कसले जाते का, हे बघावे लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आम्हाला कळले ते असे की व्हेकंट या शब्दात कर्ता लपवलेला आहे. ‘जागा रिक्त आहे’ हे वाक्य ‘पाऊस पडत आहे’ यासारखे ऐकू येते. जणू कोणी काही केलेच नाही, आपसूक घडले. पण तेच वाक्य ‘जागा रिक्त ठेवली आहे’ असे लिहून बघा. लगेच प्रश्न उभा राहतो: कोणी ठेवली? केव्हापासून? कशासाठी? ‘आहे’ आणि ‘ठेवली आहे’ यांत फक्त एका क्रियापदाचे अंतर आहे. आपली चळवळ त्या अंतरात काम करते.

आणि हा कर्ता बदलताही येतो, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आत जागा होती, दारे मात्र बंद होती. वर्षानुवर्षे आपली माणसे त्या दारांसमोर मार खात उभी राहिली. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी तो सत्याग्रह थांबवायला सांगितला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तोपर्यंत ‘जागा खाली करा’ हे नेहमी आम्हाला सांगितले जात होते. येवल्यात पहिल्यांदा आम्हीच ठरवले की हिंदू समाजाने आमच्यासाठी ठेवलेली ती पायरीखालची जागा आम्ही स्वतःहून खाली करत आहोत. ती नोटीस आम्ही बजावली होती. १९५६ साली ती अमलात आली.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण पुढच्या रविवारी आम्ही हे सगळे अभ्यासिकेत बोललो, तेव्हा तीच मुलगी पुन्हा उठली. म्हणाली, “सर, आपल्या अभ्यासिकेच्या समितीत सात जण आहेत. सातही पुरुष. इथे येणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत. मग आमची जागा रिक्त आहे की रिक्त ठेवली आहे?”

आमच्या तोंडून पटकन निघून गेले, “अगं, महिला कोणी पुढे येत नाहीत.”

आणि बोलता बोलताच जीभ अडखळली. हेच वाक्य आम्ही तीनदा ऐकले होते ना? योग्य उमेदवार मिळाला नाही. फक्त या वेळी टेबलाच्या पलीकडे आम्ही बसलो होतो. आम्ही कधी कोणाला विचारले नव्हते. बैठक रात्री नऊला ठेवायची आणि मग म्हणायचे, महिला येत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे त्या चालणार, खीर त्या करणार, विहारात रांगोळी त्या काढणार, आणि पत्रिकेवर नावे आमची. काम व्हेकंट नाही, पद मात्र व्हेकंट. संस्थाचालकांना जो जाब विचारायचा, तो आधी आम्ही स्वतःला विचारायला हवा होता. आम्ही माफी मागितली. माफीने जागा भरत नाही, म्हणून पुढच्या बैठकीची वेळ रविवारी सकाळी अकराची ठेवली आणि समितीतल्या दोघांनी, त्यातले एक आम्ही, राजीनामे दिले. आता त्या दोन जागा व्हेकंट आहेत आणि त्या किती दिवस व्हेकंट राहतात यावरच आमची परीक्षा आहे.

जे घराबाहेर करायचे आहे तेही सांगतो. आपल्या गावातले महाविद्यालय, शाळा, नगरपालिका, जिथे जिथे आरक्षण लागू आहे, तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. मोघम मागू नका. बिंदुनामावलीची साक्षांकित प्रत मागा. विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून किंवा त्या आस्थापनेसाठी जो सक्षम कक्ष आहे त्याच्याकडून ती शेवटची केव्हा तपासली गेली, ते विचारा. आमचे विभागीय आयुक्त कार्यालय नाशिकरोडलाच आहे, अभ्यासिकेपासून पायी जाता येते. आणि तिथे पंधरा वर्षांत आम्ही एकदाही गेलो नव्हतो. प्रत्येक राखीव बिंदूसमोर तीन गोष्टी लिहून घ्या: पद केव्हापासून रिक्त आहे, जाहिरात किती वेळा दिली, आणि प्रत्येक वेळी न भरण्याचे लेखी कारण काय. एवढे हातात आले की ‘आहे’चे ‘ठेवली आहे’ होते आणि मग निवेदनात, मोर्चात, न्यायालयात बोलायला जागा होते.

शेवटी एक गोष्ट. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी शून्यतेचा अर्थ समजावून सांगितला आहे. लोकांना वाटते शून्यता म्हणजे काहीच नाही, सगळे नाकारणे. बाबासाहेब तसे मानत नाहीत. जगातली प्रत्येक गोष्ट क्षणाक्षणाला बदलते हा त्याचा अर्थ, आणि असे बदलते म्हणूनच नवे काही घडणे शक्य होते. शून्याची तुलना त्यांनी बिंदूशी केली आहे. बिंदूला लांबी-रुंदी नसते, पण त्यात आशय असतो.

सरकारी दप्तरातल्या त्या यादीलाही बिंदुनामावली म्हणतात, हा योगायोग असेल. पण आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. रजिस्टरमधला तो बारीकसा बिंदू रिकामा दिसतो. त्यात आशय आहे. त्यात कोणाची तरी बी.एड.ची पदवी आहे, कोणाच्या आईने विकलेले डोरले आहे, कोणाची तरी निघून चाललेली वयाची वर्षे आहेत. आणि आजची अवस्था कायमची नाही, ती बदलू शकते, हे सांगणारा धम्म आपल्याकडे आहे.

पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावरचा तो शब्द पुन्हा लिहिणार आहोत. अर्थ सांगायला त्या मुलीलाच पुढे बोलावणार आहोत. आम्ही मागच्या रांगेत बसणार आहोत, तिथे एक खुर्ची मोकळी आहे.

जय भीम!